महनूरचं अक्षर

१२ सप्टेंबर २००५, सोमवार

बारावीला पहिल्या महायुद्धाची कारणं सुरू केली. फळ्यावर दोन रकाने आखले : मूळ कारणं आणि तात्कालिक कारण. पहिल्या रकान्यात साम्राज्यवाद, गुप्त करार, शस्त्रस्पर्धा, आंधळा राष्ट्रवाद. दुसऱ्यात एकच ओळ, साराजेव्होतली गोळी. सव्वीस वर्षं हेच आखतो आहे. पोरं रकाने उतरवून घेतात आणि खिडकीबाहेर बघतात.

महनूर तेवढी हात वर करते. आज म्हणाली, "सर, ज्यानं गोळी झाडली, त्याले माहीत होतं का पुढं काय होणार हाय ते?"

मी म्हटलं, "नव्हतं. एकोणीस वर्षांचा पोरगा होता तो. त्याला वाटलं, आपण एका माणसावर गोळी झाडतोय."

"मंग त्याले कारण काऊन म्हनायचं?"

मी म्हटलं, म्हणूनच त्याला तात्कालिक म्हणायचं. उत्तर बरं जमलं असं वाटलं. तिचं समाधान झालं नाही बहुतेक.

संग्रामपुरात बी-बियाण्याचं दुकान चालवणाऱ्या फकीर मोहम्मदची ही मुलगी. दुकानाचं नावच 'महनूर कृषी केंद्र'. तिच्यासारखं अक्षर मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. छापल्यासारखं नाही, छापल्याहून बरं.


२४ सप्टेंबर, शनिवार

दुपारी फकीरभाईंनी शेतावर नेलं. आमची ओळख जुनी. मी नोकरीला लागलो त्या वर्षी पहिली खोली मला त्यांच्याच वडिलांनी दिली होती.

चार एकरात पराटी, म्हणजे कपाशी, उभी, माझ्या छातीला लागेल एवढी. लांबून बघितलं तर दृष्ट लागावी. फकीरभाईंनी एक बोंड तोडून नखानं फाडलं. आत अळी. दुसरं फाडलं, त्यातही अळी. पाचव्यानंतर मी नको म्हटलं.

"बीटी म्हनून आलं सर हे बियानं. याले बोंडअळी लागूच शकत नाई म्हने. अन् पाहा." हातातली अळी त्यांनी हळूच मातीत सोडली, चिरडली नाही. "मी जे इकलं, तेच मी पेरलं. अर्ध्या तालुक्यात हेच हाय. वरच्या वितरकाले चार फोन केले, तो आता उचलतच नाई."

शिल्लक राहिलेली तीन पाकिटं त्यांनी बिस्किटाच्या डब्यात सीलबंद ठेवली आहेत. तपासणीला नमुना लागेल म्हणून. "हे हाय तवर कोनी म्हनू शकत नाई का शेतकऱ्यानं चुकीचं पेरलं. सर, तुमी शिकलेले, एक चांगला अर्ज लिहून द्या."

देतो म्हटलं.


२ ऑक्टोबर, रविवार

अर्ज लिहायचा राहिला. आज वेगळंच घडलं.

किसनराव घरी आले, सोबत आठ-दहा कापूसवाले. किसनरावांची बारा एकर गेली. आवाज मोठा, माणूस सरळ. म्हणाले, "सर, आमाले बोलता येत नाई. तुमी फ्रान्स-रशियाचं पोराईले सांगता म्हन्तात. एक दिवस आमाले सांगा."

मी सांगितलं. पॅरिसच्या भाकरीचं, त्या भाकरीसाठी निघालेल्या बायांचं सांगितलं. आदल्या वर्षी गारपिटीनं पीक झोपलं, भाकर महागली, आणि हजार वर्षांचं राज्य कसं डळमळलं ते. पेट्रोग्राडच्या रांगेतल्या बायांचं सांगितलं. वर्गात कधी असं ऐकलं नाही कुणी. झुंबरबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. विधवा बाई, अडीच एकर एकटी ओढते. तिनं विचारलं, "त्या पॅरिसच्या बायका मंग कोनाच्या दारात गेल्या?"

"राजाच्या," मी म्हटलं.

तिनं पुढं विचारलं, "आपला राजा कोन हो सर?"

हशा पिकला. मीही हसलो. मोर्चा ठरला, सतरा तारखेला, तहसीलवर. पत्रक आणि भाषण माझ्याकडे.

बायकोनं, पद्मजानं, पाहुण्यांचे कप उचलता उचलता विचारलं, "तुम्ही काऊन पडता यात?" मी म्हटलं, सव्वीस वर्षं मी हे फक्त शिकवलं. ती कप घेऊन आत गेली.


८ ऑक्टोबर, शनिवार

पत्रक तयार झालं. संगणकावर करायला खामगावला जावं लागलं असतं, म्हणून महनूरला बोलावलं. तिच्या अक्षरात लिहून त्याच्याच झेरॉक्स काढायच्या. रोजे सुरू आहेत हे विसरून मी पद्मजाला चहा ठेवायला सांगितला. पोरगी नुसती हसली.

माझा मसुदा दीड पान झाला होता. झेरॉक्स एकाच पानाची परवडते, म्हणून खोडाखोड केली. 'हे बियाणं कुणी बनवलं, कुणी पाठवलं, कुणी तपासलं आणि कुणी विकलं?' असं माझं वाक्य होतं. लांबलचक. 'हे बियाणं कुणी विकलं? त्याला जाब विचारा!' एवढंच ठेवलं. वाचल्यावर अंगावर येतं. पत्रकाला तेच लागतं.

तिथे महनूर थांबली. पेन वर धरून म्हणाली, "सर, 'विकलं' म्हनल्यावर अब्बू बी येतात त्यात."

मी म्हटलं, "अगं, ते व्यवस्थेबद्दल आहे. लोकांना कळतं तेवढं."

"अब्बूचं शेत बी गेलं, ते एका ओळीत टाकू का खाली?"

"जागा कुठाय? आणि पत्रकात असे बारकावे टाकले की धार जाते."

तिनं मान हलवली आणि लिहिलं. सुरेख लिहिलं. 'जाब' या शब्दाखाली दोन रेघा मी स्वतः मारल्या.


९ ऑक्टोबर, रविवार

पद्मजानं पत्रक वाचलं. म्हणाली, "नाव नाही घेतलं तुम्ही. पण हे बियाणं विकणारं दुकान गावात एकच आहे."

तिला म्हटलं, चळवळीचं तुला कळत नाही. ती पोस्टात काम करते, तिला प्रत्येक गोष्टीवर पत्ता लागतो.


१४ ऑक्टोबर, शुक्रवार

बाजारात बोललो. वीस मिनिटं. आधी कागदातून वाचत होतो. मग 'पॅरिसच्या माणसांनी तहसीलदाराला अर्ज केला नव्हता' या वाक्याला टाळ्या पडल्या आणि पुढचं आपोआप येत गेलं. शेवटी शांतता राखा असंही म्हटलं. तेव्हा लोक उठायला लागले होते.

घरी येताना चौघांनी हात हातात घेतला. एकानं पाया पडायला वाकून मला संकोचात टाकलं. बावन्नाव्या वर्षी मला पहिल्यांदा वाटलं, मी शिकवतो ते खरं आहे.

फकीरभाई वाटेत भेटले. पत्रक त्यांच्या खिशात होतं. म्हणाले, "पोरीचं अक्षर वळखलं मी. छान केलं." आणि थोडं थांबून, "सर, त्या अर्जाचं काय झालं?"

मी म्हटलं, आता अर्जाची गरजच राहणार नाही.


१७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळ. आज मोर्चा. हजाराच्या वर माणूस येईल असं किसनराव म्हणतात. पांढरा सदरा काढून ठेवला आहे.


१८ ऑक्टोबर, मंगळवार

काल लिहिता आलं नाही. आज जमेल तसं लिहितो.

मोर्चा साडेदहाला निघाला. मी पुढे, भोंग्याच्या रिक्षापाशी. मोर्चाच्या वाटेवरच फकीरभाईंचं दुकान. त्यांनी दुकानासमोर दोन रांजण भरून ठेवले होते, मोर्चेकऱ्यांना पाणी म्हणून. स्वतः रोज्यात. लोक थांबून पाणी प्यायले, हे मी पाहिलं. पुढे गेलो. मागे काय झालं ते मला दिसलं नाही.

लोकांकडून कळलं ते असं. फकीरभाई शेतातली एक पराटी मुळासकट उपटून, खांद्यावर घेऊन पायरीवर आले. त्यांना मोर्चात यायचं होतं. कुणी म्हणालं, इकनाराच मोर्चात येते का. कुणी पत्रक वाचून दाखवलं. कुणी मागून आणखी एक शब्द ओरडलं, तो मी इथे लिहीत नाही. हा मोर्चा बियाण्याचा होता, त्याचा धर्माशी काडीचा संबंध नव्हता. पहिला दगड फळीला लागला, दुसरा काचेला. फवारणीच्या औषधाच्या बाटल्या फुटल्या. मग बारदान्याला आग लागली. कुणी लावली ते कुणीच सांगत नाही.

फकीरभाई बाहेर होते. सुखरूप होते. त्यांना रांजणामागे ओढून बसवलं होतं म्हणतात. त्यांना एकाएकी तो बिस्किटाचा डबा आठवला आणि ते मागच्या दारानं आत शिरले. धूर पिवळा होता. डबा घेऊन बाहेर आले, अख्तरीबाईंच्या, म्हणजे बायकोच्या, हातात दिला आणि मग पडले.

मी परत फिरलो तेव्हा जीपमध्ये घालून त्यांना अकोल्याला नेलं होतं. महनूर रस्त्यावर उभी होती. माझ्याकडे बघत होती, पण मला बघत नव्हती. मी तिच्याजवळ गेलो नाही. का गेलो नाही ते लिहायला बसलो होतो, जमत नाही.


१९ ऑक्टोबर, बुधवार

पोलिसांनी जबाब घेतला. सांगितलं की मी शांततेचं आवाहन केलं होतं. मी पुढे होतो, मागचं काही दिसलं नाही. सही केली. किसनरावांनीही तेच सांगितलं. बाहेर आल्यावर दोघे दोन वाटांनी गेलो.


२३ ऑक्टोबर, रविवार

अकोल्याला जाऊन आलो. त्यांना नळ्या लावल्या आहेत. फुप्फुसं आतून भाजल्यासारखी झाली आहेत, असं डॉक्टर म्हणाले. मला बघून त्यांनी हात हलवला. अख्तरीबाई म्हणाल्या, "ते इचारतात का डबा पोचला का."

डबा तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांकडे पोचला आहे. पावती अख्तरीबाईंनी पदराला बांधून ठेवली आहे. मी तिथेच, दवाखान्याच्या बाकावर बसून, नमुना तपासायला पाठवण्याचा अर्ज लिहिला. दहा मिनिटं लागली. महिनाभर राहिलेला अर्ज, दहा मिनिटं.

महनूर भिंतीकडे तोंड करून बसली होती. "महनूर" म्हणून हाक मारली. तिनं दोन्ही हात ओढणीत लपवले. माझा राग आला असणार. साहजिक आहे.


२६ ऑक्टोबर, बुधवार

फकीर मोहम्मद गेले. पहाटे, सहरीच्या वेळी.

मातीला गेलो. किसनराव आले नाहीत. झुंबरबाई आल्या होत्या, रस्त्याच्या पलीकडे कडुनिंबाखाली उभ्या होत्या. संपेपर्यंत उभ्याच होत्या.


२९ ऑक्टोबर, शनिवार

कपाटातली सगळी पुस्तकं काढून बसलो. पद्मजाला वाटलं, दिवाळीची साफसफाई.

ऑक्टोबर १७८९. पॅरिसमध्ये एक पाववाला होता, फ्रांस्वा नावाचा. भाकर लपवली असा संशय घेऊन जमावानं त्याला दुकानातून ओढून नेलं आणि दिव्याच्या खांबाला टांगलं. त्यानं साठा केलेला नव्हता, रोजच्यासारखाच भाजत होता. बायको गरोदर होती. पुस्तकात चार ओळी आहेत. या चार ओळी मी दर वर्षी वाचतो आणि दर वर्षी वर्गात गाळतो. परीक्षेला येत नाहीत. शिवाय त्या सांगितल्या तर सगळा धडाच थोडा वेगळा वाटायला लागतो.

झुंबरबाईंना मी सांगितलं होतं की बाया राजाच्या दारात गेल्या. त्या गेल्याच होत्या. पण राजासाठी त्यांना बारा मैल चालावं लागलं होतं. पाववाला गल्लीत होता.


५ नोव्हेंबर, शनिवार

आज ईद. दरवर्षी शीरखुर्म्याचा डबा यायचा. पद्मजानं दुपारपर्यंत दार उघडं ठेवलं होतं.  संध्याकाळी तिनं एकटीनं जाऊन अख्तरीबाईंना भेटून घेतलं. आल्यावर एवढंच बोलली, "खामगावला चालल्या मायलेकी. अख्तरीबाईंच्या भावाकडे."


२१ नोव्हेंबर, सोमवार

कॉलेज उघडलं. रशियन राज्यक्रांतीची कारणं घ्यायची होती. खडू हातात घेतला आणि दोन रकाने आखायला हात वळेना. पोरांना वाचत बसायला सांगितलं. तिसऱ्या बाकावर महनूरची जागा कुणी घेत नाही, मधे तेवढी फट ठेवून मुली बसतात.

येताना झुंबरबाई वाटेवरच्या शेतात दिसल्या. पराटी उपटून बांधावर टाकत होत्या, यंदा जळणाला तेवढीच.

मी विचारलं, "झुंबरबाई, तुम्ही होत्या ना तिथे? तुम्ही पाहिलं ना कुणी सुरुवात केली?"

"मी बी मारला एक गोटा," त्या म्हणाल्या. "फळीले लागला. मी कोनाले सांगतलं नाई, तुमाले सांगून राह्यली."

मी विचारलं, "का मारला? तुम्ही त्यांना ओळखत होत्या. उधारीवर खत द्यायचे तुम्हाला."

"काऊन म्हन्जे? तुमीच त सांगतलं सर. कोनं इकलं त्याले इचारा म्हनून. मले वाचता येत नाई, शेजारच्या पोरीनं वाचून दाखवलं. मी म्हनलं, सर शिकलेले हायत, त्याईले मालूम असन."

यात आरोप नव्हता. असता तर मी काही उत्तर दिलं असतं.

घरी आल्यावर पद्मजाला सांगितलं की बाई अडाणी आहे, तिनं शब्दशः घेतलं. पद्मजा म्हणाली, "शब्द घ्यायलाच दिले होते ना?"


११ जानेवारी २००६, बुधवार

प्रयोगशाळेचा अहवाल आला. ती तीन पाकिटं बीटी नव्हतीच. साधं बियाणं, पाकिटावर बीटी छापून भरलेलं. सील शाबूत, म्हणजे भेसळ दुकानात झालेली नाही, वरूनच आली. अहवालात हे एका वाक्यात आहे.

त्या डब्यामुळे आता तालुक्यातल्या सगळ्यांना दावा करता येणार आहे. किसनराव अहवालाची प्रत घेऊन माझ्याकडे आले, खुर्चीत बसले, आणि एवढा मोठा माणूस रुमाल तोंडात कोंबून रडायला लागला. "तो आमच्यासाटी गेला आत, सर. आमच्यासाटी."

मला रडू आलं नाही. मी त्यांना पाणी दिलं.


२२ जानेवारी, रविवार

खामगावला गेलो. बारावीच्या परीक्षेला महिना राहिला आहे. महनूरचा अर्ज कॉलेजनं भरून ठेवला आहे. तिला परीक्षेला बसायला सांगायचं, एवढं ठरवून गेलो. सोबत पत्रकाचा मसुदा घेतला, दीड पानाचा, माझ्या हातचा. का घेतला माहीत नाही. घरात ठेववत नव्हता.

महनूरच्या मामांचं गाद्या भरायचं दुकान आहे. पुढे पिंजलेल्या कापसाचा ढीग, मागे राहायची खोली. अख्तरीबाईंनी मला सतरंजी टाकून दिली. महनूर कोपऱ्यात मशीनवर उशीचे अभ्रे शिवत होती. उठली नाही.

मी परीक्षेचं बोललो. अख्तरीबाई म्हणाल्या, "ते पेनच धरत नाई, सर. किराण्याची यादी बी लिहीत नाई. भाऊ म्हन्ते, लिवाले येत नसल्यासारकी वागते पोरगी."

मी म्हटलं, "माझ्यावर राग आहे तिचा. बरोबरच आहे."

"तुमच्यावर?" अख्तरीबाईंना कळेना. "तुमच्यावर कायचा राग? ते त म्हन्ते मीच मारलं अब्बूले. माह्याच हातानं. रोज म्हन्ते."

तीन महिने. तीन महिने मी तिच्या रागाची भीती बाळगून होतो. दवाखान्यात तिनं हात लपवले तेव्हा मी समजलो, ते माझ्यापासून लपवले.

मी उठून तिच्याजवळ गेलो. "महनूर, तू फक्त लिहून घेतलंस. शब्द माझे होते."

मशीन थांबलं. "अक्षर माझं होतं, सर. अब्बूनं वळखलं. मले म्हने, छान केलं." मग म्हणाली, "मले कळलं होतं. मी इचारलं बी तुमाले. पन तुमी सर हाय म्हनून मी लिवलं. नसतं लिवलं त?"

"मी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं असतं."

हे खरं होतं, म्हणून बोललो. तिला त्यानं बरं वाटलं की वाईट, ते दिसलं नाही.

मग मी मसुदा काढून तिच्यापुढे ठेवला. तिनं वाचला. खोडलेलंही वाचलं. अख्तरीबाईंना मराठी वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, काय हाय त्यात? महनूरनं मोठ्यानं वाचून दाखवलं. कुणी बनवलं. कुणी पाठवलं. कुणी तपासलं. आणि कुणी विकलं.

"इथं वरचं खोडलेलं हाय, अम्मी."

अख्तरीबाईंनी माझ्याकडे बघितलं. "काऊन खोडलं?"

"पानावर मावत नव्हतं," मी म्हटलं.

दुकानात मामा कापूस पिंजत होते, तेवढाच आवाज येत राहिला. अख्तरीबाई उठल्या, मला पाणी आणून दिलं, आणि म्हणाल्या की जळंबची रेल्वे निघाली असंल, पन एस.टी. मिळंन तुमाले. म्हणजे मी जावं. मी गेलो.


२४ जानेवारी, मंगळवार

ठाण्यात जाऊन दुसरा जबाब दिला. मसुद्यातलं वाक्य सांगितलं, खोडलेले शब्दही सांगितले. अंमलदारानं विचारलं, हे सांगायला आता का आलात? मी म्हटलं, आधीचा जबाब खोटा होता.

मला मागचं दिसलं नाही असं मी म्हटलं होतं. दिसलं होतं. फकीरभाई पायरीवर आले, पराटी खांद्यावर, आणि त्यांनी मला हाक मारली. "सर, थांबा, मी बी येतो." मी वळलो, बघितलं. माझ्या मनात आलं, विक्रेताच मोर्चात दिसला तर लोक गोंधळतील. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि रिक्षावाल्याला पुढे घ्यायला सांगितलं. मी थांबून त्यांना माझ्या शेजारी घेतलं असतं तर त्यांना कुणी हात लावला नसता. त्या दिवशी माझ्या शेजारच्या माणसाला कुणीच हात लावला नसता.

हेही लिहून घेतलं त्यांनी. साहेब परत बोलावतील म्हणाले. कायद्यात याला काय म्हणतात, मला माहीत नाही.

प्राचार्यांना सांगितलं, पद्मजाला सांगितलं. ती माझ्यासमोर येऊन बसली. मग म्हणाली, "आता महनूरला पत्र लिहा. परीक्षेला बस म्हणून नको. हे लिहा."

लिहिलं.


३ फेब्रुवारी, शुक्रवार

किसनरावांची माणसं माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या जबाबामुळे त्यांचीही नावं निघतील अशी भीती आहे. दाव्याचे कागद मी भरून द्यायचे ठरले होते, ते आता दुसऱ्याकडून भरून घेतात. झुंबरबाई तेवढ्या आल्या. अंगठा कुठे लावायचा ते दाखवलं. जाताना विचारत होत्या, पोरगी परीक्षेले येईन का?

पत्राचं उत्तर नाही.


९ मार्च, गुरुवार

आज इतिहासाचा पेपर.

आधीच्या पेपरांना महनूर आलीच नव्हती. त्यामुळे मला आशा नव्हती. तरी दहाला फाटकापाशी जाऊन उभा राहिलो, रस्त्याच्या पलीकडे, पानठेल्याच्या आडोशाला. साडेदहाच्या एस.टी.तून ती उतरली. मागून अख्तरीबाई. महनूरच्या हातात काही नव्हतं. फाटकाशी अख्तरीबाईंनी पिशवीतून पेन काढून तिच्यापुढे धरलं. तिनं ते लगेच घेतलं नाही. पोरं धक्के मारत आत जात होती. मग घेतलं आणि गेली.

तीन तास अख्तरीबाई कुठे थांबणार? गावात त्यांचं आता काही नाही. दुकानाच्या जागी काळी भिंत आहे. पद्मजा घरी न्यायला आली, त्या नको म्हणाल्या. फाटकाबाहेरच्या दगडावर बसल्या, भर उन्हात.

अकराच्या सुमारास झुंबरबाई आल्या. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. समोर जाऊन उभ्या राहिल्या. मी लांब होतो, पण पेपर सुरू झाल्यानं रस्ता शांत होता, ऐकू आलं.

"घर जवळ हाय माह्यं. सावलीत चला."

"नाई."

"मी बी होती त्या दिवशी," झुंबरबाई म्हणाल्या. "मी बी मारला."

अख्तरीबाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. उठल्या नाहीत. झुंबरबाई थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, मग चार हातांवर मातीत बसल्या. दोघींच्या मधे मोकळी जागा. सावली कुणावरच नव्हती. एकदा झुंबरबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. एकदा अख्तरीबाईंनी पाण्याची बाटली काढली, प्यायल्या, झाकण लावलं, आणि बाटली पिशवीत न ठेवता मधल्या जागेत ठेवली. झुंबरबाईंनी तिला हात लावला नाही. बाटली तिथेच राहिली.

मी पलीकडे आडोशाला उभा होतो. ऊन माझ्यावर नव्हतं. रस्ता ओलांडून त्यांच्यात जाऊन बसायला मला वीस पावलं चालावी लागली असती.

घंटा झाली. महनूर बाहेर आली, आईजवळ जाऊन उभी राहिली, मग झुंबरबाईंकडे बघितलं. कोण ते तिला माहीत असावं.  तिनं खाली वाकून बाटली उचलली आणि झुंबरबाईंच्या हातात दिली. त्या प्यायल्या की नाही ते मला दिसलं नाही, मधून ट्रॅक्टर गेला.

मग महनूर रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. मी तिथे आहे हे तिला पहिल्यापासून ठाऊक असणार. बोटांवर शाई होती. मला वाटलं, ती काहीतरी विचारेल. ती म्हणाली, "पेपर पूर्ण लिवला, सर. अक्षर चांगलं नाई आलं."

मी मान हलवली. 

एस.टी. आली. दोघी चढल्या. झुंबरबाई फाटकाशी उभ्या होत्या, रिकामी बाटली हातात घेऊन.